रान वाचणारी माणसं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, "शिकार." पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. बाप्पासमोर शिकारीच्या गोष्टी? त्यात बोलणारा सरकारी नोकर! तेव्हा आधीच सांगून टाकतो. आज आपल्या देशात शिकार हा गुन्हा आहे, तो गुन्हा असणंच योग्य आहे, आणि आम्ही इथं कुणाला बंदूक घ्यायला सांगायला आलेलो नाही. शिकारीबरोबर आणखी एक गोष्ट आपल्या हातून निसटली. ती मात्र निसटायला नको होती. आजचं बोलणं तिच्याविषयी आहे.

आणखी एक खुलासा. आम्ही सारखं "आम्ही, आम्ही" म्हणू. हा मोठेपणा समजू नका. रानात एकटं कुणी जात नसे, म्हणून त्या आठवणींत "मी" सापडतच नाही. "आम्ही" म्हणजे आम्ही तीन भावंडं आणि पाड्यावरची दहा-बारा पोरं.

आमचे वडील मोखाडा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. मूळ घर घाटावर, पण आमचं लहानपण सगळं वारल्यांच्या पाड्यावर गेलं. काळ 1985 ते 1992 चा. घरात वीज होती, पण ती पाहुण्यासारखी यायची. पावसाळ्यात एसटी यायची नाही. घराच्या मागं नागली-वरईची उतरती शेतं, आणि त्याच्या वर ऐन, साग, धावडा, मोह यांचं रान. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि गलोल घेऊन रानात जायचं, हा दिवसाचा दुसरा वर्ग होता. त्या वर्गाला हजेरीपट नव्हता, तरी गैरहजर कुणी राहत नसे.

गलोल कशी करायची हे सांगितलं तर इथले आजोबा लोक हसतील, कारण त्यांनीही केलेली आहे. करवंदीची किंवा बोरीची चांगली बेचकी शोधायची, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापायच्या, आणि खडा ठेवायला चपलेचं चामडं लावायचं. आम्ही नेम धरायचो लाव्यांवर आणि होल्यांवर. दहातले नऊ खडे फुकट जायचे. पण त्या नऊ खड्यांच्या मागं धावताना होला कुठं पाणी पितो, लावा गवतातून उडायच्या आधी किती वेळ दबून बसतो, कोतवाल पक्षी ओरडला की बाकीचे का गप्प होतात, हे आपोआप कळत गेलं. पाड्यावरचा एक नियम होता. घरट्यावरच्या पाखराला खडा मारायचा नाही. मारला तर मोठी माणसं गलोल काढून घेऊन सरळ चुलीत घालायची. या बाबतीत अपील नव्हतं.

पहिल्या पावसात मजा वेगळी. ओढ्याला नवं पाणी आलं की मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, भातखाचरांपर्यंत येतात. यालाच आपल्याकडं वलगण म्हणतात. रात्री चुडी पेटवून आम्ही त्या पाण्यात उतरायचो. मासे कमी आणि खेकडे जास्त सापडायचे. खेकडा कसा धरायचा हे ज्याला येत नाही त्याला बोट दाखवून ओळखता यायचं, कारण त्याच्या बोटाला फडकं बांधलेलं असायचं. आज विचार केला तर वलगणीत अंडी भरलेले मासे सरसकट पकडणं बरं नव्हे, कारण पुढच्या वर्षीचं बी तेच असतं. आणि हे त्या वेळी पाड्यावरच्या म्हाताऱ्यांनाही ठाऊक होतं. पहिली रात्र ते सोडायला सांगायचे. ओढ्याचा हिस्सा आधी, आपला नंतर.

आता मोठी शिकार. शिमगा झाला की पानगळ झालेली असते, रान उघडं पडतं, पाणवठे आटून एक-दोनच उरतात. तेव्हा पाड्यावरची माणसं रान उठवायची. एका अंगाला वाघूर लावायची, म्हणजे दोऱ्याचं मोठं जाळं. दोन्ही बाजूंना तिरकामठेवाले बसायचे, आणि उरलेल्यांनी डबे वाजवत, हाळ्या देत समोरून यायचं. आम्हा पोरांचं काम हाकाऱ्याचं. म्हणजे ओरडायचं. शाळेत ओरडलं की मार, इथं ओरडलं की शाबासकी, म्हणून आम्हाला हे काम फार आवडायचं.

एका वर्षी सशासाठी उठवलेल्या रानातून रानडुक्कर निघालं. त्या वर्षी डुकरांनी पाड्यावरची अर्धी नागली उकरून टाकली होती, माळ्यावर बसून रात्र-रात्र डबे वाजवूनही ती हटत नव्हती, त्यामुळे माणसांचा राग होताच. डुक्कर वाघुरीकडं न जाता मागं वळलं आणि थेट हाकाऱ्यांच्या ओळीवर आलं. आम्ही सगळे झाडावर. कोण कसं चढलं ते विचारू नका, ज्याला आंब्यावर चढता येत नव्हतं तो त्या दिवशी सरळसोट सागावर चढला. खाली राहिला तो पाड्यावरचा एक काळा कुत्रा. त्यानं डुकराला अडवलं. डुकरानं सुळ्यानं त्याची मांडी फाडली आणि ते निघून गेलं. त्या दिवशी शिकार फक्त दोन सशांची झाली. पण वाटे करताना आधी कुत्र्याचा वाटा निघाला, माणसाएवढा. जखमेत हळद भरून, फडकं बांधून त्याला झोळीत घालून चौघांनी खाली आणलं. पुढं तो लंगडत का होईना, बरीच वर्षं जगला.

वाट्याचा हिशेब आम्हाला तेव्हा पाठ होता. ज्याचा बाण पहिला लागला त्याला मान म्हणून डोकं आणि एक तंगडी. बाकी सगळ्यांना सारखं, बाण मारणाऱ्याला आणि डबा वाजवणाऱ्याला सारखंच. कुत्र्याला वाटा. ज्या घरात कमावतं माणूस नाही, त्या घरालाही वाटा, तिथून कुणी रानात आलं नसलं तरी. आम्ही पुढं डिप्लोमा केला, नोकरीत लागलो, मजुरांची हजेरीपत्रकं आणि बिलांची मोजमापं लिहिली. पण वाटणीचा इतका स्वच्छ हिशेब कागदावर फार कमी वेळा पाहिला.

गुरुजींच्या घरीही वाटा यायचा. पळसाच्या पानात बांधून पाड्यावरचा आजा स्वतः आणून द्यायचा. वडील तो हात जोडून परत करायचे. म्हणायचे, "सरकारचा पगार खातो, सरकारनं बंद केलेलं खाता येत नाही." 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना ठाऊक होता. त्या वेळी त्या कायद्याच्या परिशिष्टांप्रमाणं ससा चौथ्यात, रानडुक्कर आणि भेकर तिसऱ्यात होते, त्यांच्या शिकारीला परवाना लागायचा, आणि परवाना पाड्यावर कुणाकडंच नव्हता. 1991 च्या दुरुस्तीनं परवान्याची वाटही बंद झाली. आजा रागावला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून वाट्याऐवजी खेकडे येऊ लागले. खेकड्यांचं नाव कायद्यात नव्हतं, आणि आमच्या आईला कालवण उत्तम जमायचं. कायदा, शेजारधर्म आणि रस्सा या तिन्ही गोष्टी एका घरात अशा नांदत होत्या.

पण सगळी शिकार अशी नव्हती. हिवाळ्यात कधी कधी रात्री जीप यायची. गाडीवर मोठा दिवा, आत शहरातली चार-पाच माणसं आणि बंदुका. दिव्याच्या झोतात भेकर थिजून उभं राहतं, पळत नाही. नेम धरायला कसब लागत नाही. ते लोक एका रात्रीत जेवढं मारायचे तेवढं पाडा वर्षभरात मारत नसे. त्यात मादी-पिल्लू पाहिलं जात नसे, जखमी जनावराच्या मागं कुणी उतरत नसे, वाट्याचा तर प्रश्नच नाही. सकाळी आम्ही पोरं रस्त्यावर पडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या गोळा करायचो. त्यावर फुंकर मारली की छान शिट्टी वाजते. एकदा आम्ही अशा शिट्ट्या वाजवत असताना आजानं त्या काढून घेतल्या आणि ओढ्यात फेकल्या. तो एवढंच म्हणाला, "हे रान मोजत नाहीत." पुढं आम्ही खूप पुस्तकं वाचली, पण परंपरेची शिकार आणि हौसेची शिकार यातला फरक इतक्या थोड्या शब्दांत कुठं वाचला नाही.

आता वाघ. आमच्याकडं बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टेरी वाघ पाहिलेले म्हातारे तेव्हा होते, आमच्या वाट्याला मात्र बिबट्याच आला. वर्षाला पाड्यावरच्या चार-दोन शेळ्या, दोन-तीन कुत्रे तो न्यायचा. माणसं हळहळायची, शिव्या द्यायची, पण मारायला निघायची नाहीत. कारण वेशीवर वाघदेव होता. लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर फासलेला. आपण ज्या दिवशी वसुबारस करतो, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, त्याच दिवशी तिकडं वाघबारस असते. गुराखी पोरं घराघरांतून तांदूळ मागून आणतात, देवापुढं शिजवतात, एक पोरगा वाघ होतो, बाकीचे त्याला पळवतात. वाघ व्हायला आमच्यात भांडणं व्हायची. आपण गाईची पूजा करतो त्याच दिवशी गाय खाणाऱ्याचीही पूजा! 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची दीडशे ठाणी नोंदवली आहेत. यातली काही मुंबईच्या इमारतींना खेटून आहेत.

एका संध्याकाळी शाळेतून परतताना आम्ही चौघं होतो. पुढं लाकडाची मोळी घेतलेली एक डोकरी चालली होती. शेताच्या बांधावर, वीस-पंचवीस पावलांवर, बिबट्या बसलेला. मांजर बसतं तसा, शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. आमच्यातला एक जण वळून पळणार तोच डोकरी मागं न बघता म्हणाली, "पळू नका. वाकू नका. बोलत ऱ्हा." आणि ती स्वतः त्या वाघाशी बोलू लागली. तुझी वाट तुला, आमची वाट आम्हाला, पोरं शाळेतनं आलीत, भुकेली आहेत, अशा अर्थाचं काहीतरी. मोळी डोक्यावर तशीच. आम्हाला किती वेळ गेला सांगता येत नाही. मग तो उठला, अंग ताणलं आणि बांधाच्या पलीकडं उतरून गेला. डोकरी म्हणाली, "चला." घरी येईपर्यंत आम्ही इतकं बोललो की घसे बसले.

आज वन्यजीव अभ्यासक काय सांगतात बघा. बिबट्या दिसला तर पळू नका, पाठ दाखवू नका, खाली वाकू किंवा बसू नका, कारण बसलेलं माणूस आणि लहान मूल त्याला भक्ष्याच्या आकाराचं दिसतं. अंधारात मोठ्यानं बोलत, दिवा घेऊन जा. घेराव घालू नका, त्याला जायला वाट ठेवा. डोकरीनं एका वाक्यात जे सांगितलं, त्याचंच हे पत्रक आहे. ती शाळेत गेली नव्हती. पण तिला रान वाचता येत होतं.

मंडळी, शिकारीबरोबर आपल्या हातून निसटलं ते हे वाचणं. आम्ही पोरं पाऊल बघून ससा की भेकर सांगायचो, लेंडी बघून साळिंदर ओळखायचो, वानराच्या खकाऱ्यावरून वाघ डोंगराच्या कोणत्या अंगाला आहे ते सांगायचो. हे सगळं पोटासाठी आणि जिवासाठी शिकलेलं होतं. शिकार थांबली ते उत्तम झालं. पण शाळा बंद झाली म्हणून अक्षरओळखही विसरायची का?

आणि अक्षरओळख राहिली तर शिकारीचं दुसरंच काही होऊ शकतं, हे आपल्या मुंबईनंच जगाला दाखवलंय. 1908 च्या सुमाराला मुंबईत राहणाऱ्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही नेहमीची चिमणी नव्हे, मग ही कोण, असा प्रश्न त्याला पडला, आणि ती घेऊन तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी त्याला ओळख पटवून दिली, भुसा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सलीम अली. त्यांनी आत्मचरित्राचं नावही त्या चिमणीवरूनच ठेवलं. आपले व्यंकटेश माडगूळकरही आधी शिकारी होते, नंतर बंदूक ठेवून दुर्बीण आणि लेखणी घेऊन रानात गेले. नेम धरणाऱ्या डोळ्याला बघायची सवय असते. त्या सवयीचं काय करायचं एवढंच ठरवायचं असतं.

आता इथलं. तुम्ही म्हणाल, साहेब, हे मोखाड्याचं झालं, दादऱ्यात आमचा काय संबंध? दादरा, डेमणी, तिघरा ही तीन गावं, भोवती गुजरात, पलीकडं नगर हवेली. तुमच्यातले बहुतेक जण जळगाव-धुळ्याहून, साताऱ्याहून, कोकणातून कारखान्यांच्या नोकरीसाठी आले. खिडकीतून दिसतात शेड आणि ट्रक. पण हा सगळा प्रदेश मिळून 491 चौरस किलोमीटरचा, आणि त्यातलं बरंच क्षेत्र आजही वनखात्याकडं आहे. 2000 साली इथं सुमारे 92 चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. खानवेल, दुधनीकडं गेलात की दमणगंगेच्या काठानं तेच रान आहे जे आमच्याकडं आहे, तेच वारली, कोकणा, धोडिया लोक आहेत, तोच वाघदेव आहे. जनावराला महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या पाट्या वाचता येत नाहीत.

2022 च्या गणनेत देशात 13,874 बिबटे मोजले गेले, त्यातले 1,985 महाराष्ट्रात. जुन्नरच्या उसात ते जन्मतात, मुंबईत इमारतीच्या पार्किंगमध्ये फिरतात. कारण साधं आहे. जिथं उघडा कचरा तिथं भटकी कुत्री, आणि जिथं कुत्री तिथं बिबट्या. जुन्नर भागात एके काळी बिबटे पकडून दुसरीकडं नेऊन सोडले, तर हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं. म्हणजे "पिंजरा लावा" हे दर वेळी उत्तर नसतं. बिबट्या मारणाऱ्याला मात्र किमान 3 आणि जास्तीत जास्त 7 वर्षांची कैद आहे, हेही ध्यानात असू द्या.

आम्ही रस्त्याच्या कामावर असतो म्हणून आणखी एक सांगतो. आज पाड्यावर तिरकामठा खुंटीला आहे, पण सकाळी लवकर साइटवर निघालं की डांबरावर उदमांजर, मुंगूस, धामण, कधी तरस पडलेलं दिसतं. मुंबई-अहमदाबाद महामार्गावर बिबटेसुद्धा गाडीखाली आले आहेत. ही शिकार कुणी मोजत नाही आणि तिचा वाटाही कुणाला मिळत नाही. रानातल्या वळणावर रात्री गाडीचा वेग कमी केला तर पेट्रोलही वाचतं आणि जीवही.

आणि हा पावसाळा आहे, म्हणून सापांविषयी. आपल्या भागात जिवाला धोका असलेले मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. मण्यार रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा फारसं दुखतही नाही, म्हणून खाटेवर झोपा, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचा. चावल्यावर करकचून बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका आणि थेट सरकारी दवाखान्यात न्या, सर्पविषावरची लस तिथं मिळते. धामणीला मारू नका, ती उंदरावर जगते. बाप्पाच्या उंदराला आपण प्रसाद दाखवतो, पण गोदामातल्या उंदरांचा बंदोबस्त धामणच करते.

मग करायचं काय? मोठं काही नाही. यंदा दिवाळीच्या आधी वाघबारसेला मंडळातल्या मुलांना घेऊन खानवेलकडच्या एखाद्या पाड्यावर जाऊ. तिथल्या ज्येष्ठांना मानानं विचारू, त्यांच्याबरोबर दोन तास चालू. पाऊल ओळखायचं, आवाज ओळखायचा, गप्प बसायचं. हातात गलोल नको, वही पुरे. वसोण्याच्या सिंह सफारीत सिंह दिसतो हे चांगलंच आहे, पण तो गाडीतून दिसतो. पायाखालच्या मातीत कोण गेलं हे कळणं ही वेगळी विद्या आहे, आणि ती सांगणारी माणसं आता सत्तरीच्या पुढं आहेत. आमच्या पाड्यावरचा आजा गेला, डोकरीही गेली. इथले अजून आहेत, पण कायमचे नाहीत.

ज्यांना येणं जमेल त्यांनी आरतीनंतर सचिवांकडं नाव द्यावं. मुलांची नावं आधी घ्या, मोठ्यांची जागा उरली तर.



गणपती बाप्पा मोरया!